नाही म्हणणारी मुलं आणि आमचे सहा शनिवार

आमच्या कामात किस्से साठतात, कारण ते कुणाला सांगता येत नाहीत. घरी सांगायचे नाहीत, शेजारी सांगायचे नाहीत, व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही. वकील, डॉक्टर, रिक्षावाले सगळे आपापल्या गोष्टी रंगवून सांगतात आणि आम्ही फॅमिली काउन्सेलर लग्नाच्या पंगतीत गप्प बसून जिलबी खातो! आज मात्र नावं बदलून, पत्ते इकडचे तिकडे करून थोडे सांगते.

सगळ्यांचा विषय एकच. आईबाप वेगळे झालेत आणि मूल दोघांपैकी एकाला भेटायला नाही म्हणतंय. का म्हणतंय ते शोधून आम्ही रिपोर्ट लिहायचा. तो रिपोर्ट कोर्टात जातो आणि त्यावर त्या मुलाचे पुढचे कित्येक रविवार ठरतात. इतकं मोठं काम आम्ही वर्षानुवर्षं निम्मं अंदाजाने करत होतो. मग गेल्या वर्षी संस्थेने आम्हाला ट्रेनिंगला पाठवलं. विलेपार्ल्यात, एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, ओळीने सहा शनिवार.

अंधेरीच्या आमच्या सेंटरमधून आम्ही तिघं जायचो. संदेश परब घाटकोपरला राहतो, बोलण्यात एकदम सरळसोट. ज्योत्स्ना वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई अजून बाजारात मासळी विकते आणि ज्योत्स्नाचा आवाजही त्याच बाजारात तयार झालेला. तिसरी मी, निशा, मुलुंडची. शिकवायला देवस्थळी मॅडम होत्या. सत्तरीच्या जवळ आलेल्या, सुती साडी, आणि आवाज इतका हळू की मागच्या रांगेला उठून पुढे यावंच लागायचं.

* * *

पहिल्या शनिवारी मॅडमनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. नुसतं एक वाक्य सांगितलं.

"आठ वर्षांचा मुलगा वडिलांना भेटायला नाही म्हणतो. का? एक मिनिट देते. चिठ्ठीवर लिहा."

लिहिलं सगळ्यांनी. संदेशने तर अर्ध्या मिनिटात पेन खिशाला लावलं.

मॅडमनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि एकेक वाचायला लागल्या. "आई कान भरते." "बाप मारत असणार." "बाप दारू पितो." "बापाने दुसरं लग्न केलंय." "आजोळची माणसं शिकवतात." सगळं कसं ठाम! एका चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह नव्हतं.

वाचून झाल्यावर त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मी वडिलांबद्दल तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"काहीच नाही," पुढून कुणीतरी म्हणालं.

"आणि आईबद्दल?"

"काहीच नाही."

"मग हे सगळं तुम्ही कुणाच्या आईवडिलांबद्दल लिहिलंत?"

चहाच्या सुट्टीत संदेश खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मी बिस्किटं घेऊन गेले तर म्हणाला, "निशा, 'आई कान भरते' वाली चिठ्ठी माझी होती."

"मला वाटलंच."

"माझे बाबा मिलमध्ये होते. मिल बंद पडली नि घरी बसले. आई दिवसभर आम्हा भावंडांना सांगायची, तुमचा बाप असा नि तुमचा बाप तसा. मी त्यांच्याशी बोलायचंच सोडलं यार. एका खोलीत राहून! आठ वर्षं."

"मग?"

"मग काय. बोलायला सुरुवात करणार होतो, तर ते गेले."

त्याने बिस्किट चहात बुडवलं. ते विरघळून तळाला गेलं तरी तो कप हातात धरून उभाच होता.

* * *

दुसऱ्या शनिवारी रोल-प्ले. संदेश झाला बाप, ज्योत्स्ना झाली त्याची नऊ वर्षांची मुलगी आणि मी रिपोर्ट लिहिणारी. मुलगी बापाला भेटायला तयार नाही, एवढंच ठरलेलं.

ज्योत्स्ना अडतीस वर्षांची बाई, पण खुर्ची भिंतीकडे फिरवून अशी काही फुगून बसली की मागे हसाहशी सुरू झाली. संदेशही रंगात आला. आधी लाडीगोडी, मग चॉकलेटचं आमिष. "बेटा, एकदा बघ ना इकडे." ज्योत्स्ना ढिम्म. दोन मिनिटं गेली, चार गेली. संदेशचं हसू कमी कमी होत गेलं. मग एकदम त्याचा आवाज चढला.

"अगं, बाप आहे मी तुझा! बघ म्हटलं ना इकडे!"

ज्योत्स्ना दचकली. नाटकातलं दचकणं नव्हतं ते. तिचा हात लागून शेजारची पाण्याची बाटली खाली गडगडली. भर बाजारात कुणाला न ऐकणारी बाई, तिचे खांदे कानांपर्यंत वर आलेले.

मॅडमनी मला विचारलं, "काय लिहिलंत?"

मी वाचलं. "मुलगी वडिलांना घाबरते."

"कधीपासून?"

मी घड्याळाकडे बघितलं. "...आत्तापासून. एक मिनिट झालं असेल."

"म्हणजे तुमच्या खोलीत घाबरली, तुमच्या देखत. आता सांगा, ती आधी का येत नव्हती?"

संदेश वाकून फरशीवरचं पाणी आपल्या रुमालाने पुसत होता. त्याने ज्योत्स्नाला "सॉरी गं" म्हटलं. ती नुसती मान हलवून दोन रांगा मागे जाऊन बसली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक अक्षर बोलली नाही. ज्योत्स्ना!

* * *

ट्रेनिंग चालू होतं तरी सेंटरच्या केसेस थांबत नव्हत्या. त्याच आठवड्यात माझ्याकडे बोरिवलीचा अर्णव आला. नऊ वर्षं, दप्तर मांडीवर, पाठ ताठ.

मी म्हटलं, "पप्पांना भेटायचं नाही म्हणतोस. मला सांगशील थोडं?"

तो भिंतीकडे बघून म्हणाला, "पप्पांनी माझ्या भावनिक गरजांकडे सातत्याने दुर्लक्ष केलं आहे."

सातत्याने! नऊ वर्षांचा पोरगा! हेच वाक्य मी आदल्या दिवशी त्याच्या आईच्या ॲफिडेव्हिटमध्ये वाचलं होतं, शब्दाला शब्द. मी वहीत मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, "शिकवलेलं". खाली दोन रेघा ओढल्या. केस सुटली म्हणून खूश होऊन शनिवारी हॉलमध्ये सांगितलं, तर सगळ्यांनी माना डोलावल्या.

मॅडम म्हणाल्या, "वाक्य आईचं आहे, कबूल. पण दुर्लक्ष म्हणजे काय, असं त्याला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं.

पुढच्या भेटीत विचारलं. "अर्णव, तू मागे दुर्लक्ष म्हणालास ना, ते कसं असतं रे?"

त्याने बराच वेळ दप्तराची चेन पुढेमागे केली.

"पप्पा म्हणाले, तुझी स्कूल व्हॅन निघेपर्यंत मी गेटवर थांबतो. मी सीटवर बसून मागे बघितलं तर ते नव्हते." मग तीन बोटं वर केली. "तीनदा."

मी वहीतल्या त्या शब्दावर काट मारली. दोन रेघा आधीच होत्या, आता पान फाटायची वेळ आली. त्याच्या वडिलांना बोलावून हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या हातात आईच्या ॲफिडेव्हिटला दिलेलं चांगलं जाडजूड उत्तर होतं. ते ऐकता ऐकता त्यांनी ती फाइल मिटली.

"व्हॅन?" ते म्हणाले. "मी तर ऑफिसला उशीर होतो म्हणून..."

* * *

मग मानखुर्दची होम व्हिजिट. नव्या इमारतीतला सातवा मजला, लिफ्ट बंद. सई सहा वर्षांची. आई भांडून घर सोडून गेलेली, वडील शिफ्टला, आणि सईला सांभाळणारी तिची आजी, म्हणजे वडिलांची आई. सई आईला भेटत नाही म्हणून केस.

आजी मालवणी, अंगाने किडकिडीत, नजर धारदार. मी बसायच्या आतच सुरू झाल्या.

"तेका कोणी आडवल्यान? मी तर रोज सांगतंय, आवशीक भेटून ये म्हणान! ताच जाणा नाय, तर मी काय करू?"

मी अडवत नाही, तीच आईकडे जात नाही, असं आजी सांगत होत्या तेव्हा सईचं मनगट त्यांच्या मुठीत होतं. घट्ट. त्यांना स्वतःला ते ठाऊक नसावं. एका हाताने मला पाण्याचा ग्लास पुढे करत होत्या, पण दुसरा काही सुटत नव्हता.

माझ्या डोक्यात रिपोर्टचं वाक्य तयार झालं, "आजीच सोडत नाही." मी हळूच म्हटलं, "आजी, तिचा हात जरा सोडता का? तिला चित्र काढायला देते."

आजींनी चमकून खाली बघितलं आणि हात सोडला. अगदी लगेच.

सईने माझ्याकडे बघितलं. कागदाकडे बघितलं, रंगांच्या पेटीकडे बघितलं. मग उठून आजीच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी तिचा पदर धरून उभी राहिली.

म्हणजे मघाचं वाक्य बाद! एक माणूस सोडून गेल्यावर सहा वर्षांचं पोर दुसऱ्याला कसं सोडणार? हेही एक वाक्यच झालं म्हणा, पण ते मी लगेच लिहिलं नाही. सात मजले उतरून खाली आले आणि पायरीवर बसून राहिले. पुढे आईची भेट ठरवली ती आजीला खोलीत बसवूनच. आईला आवडलं नाही. आजीला तर मुळीच नाही! पहिल्या दिवशी दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या आणि सई मध्ये बसून एकटीच चित्र रंगवत होती. पण आईला भेटायला आली होती.

* * *

एक हलका किस्सा सांगते, नाहीतर तुम्ही उठून जाल.

चौथ्या शनिवारी मॅडमनी मुलांशी बोलायचं कसं ते शिकवलं. हो-नाही मध्ये उत्तर येईल असं विचारायचं नाही, आपलं म्हणणं त्यांच्या तोंडात घालायचं नाही, गप्प बसायला शिकायचं. ज्योत्स्नाने सगळं लिहून घेतलं. तिची चौदा वर्षांची मुलगी आठ दिवस तिच्याशी धड बोलत नव्हती. म्हटलं, चला, घरीच प्रॅक्टिस!

संध्याकाळी मुलीच्या खोलीत गेली, अंतर ठेवून बसली, आवाज एकदम मॅडमसारखा केला. "आपल्या दोघींमध्ये हल्ली जे चाललंय, त्याबद्दल तुला काय वाटतं, मला ऐकायला आवडेल."

मुलीने हेडफोन काढला. "आई, तू बरी आहेस ना?"

"अगं, मी ऐकतेय."

"नको ना असं बोलूस! भीती वाटते. नेहमीसारखी ओरड ना!"

* * *

आता संदेशचा. हा सांगताना तो स्वतः अजून हसत नाही.

मुलुंडची केस. तन्वी, बारा वर्षांची, वर्षभर वडिलांना भेटलेली नाही. विचारलं की म्हणायची, "नाही जायचं." का ते सांगायची नाही. वडील मात्र अतिशय सभ्य. वेळेवर यायचे, आवाज खाली. संदेशला म्हणायचे, "सर, भेटली नाही तरी चालेल. बाजूच्या खोलीतून तिचा आवाज ऐकू दे." संदेशच्या डोळ्यांत पाणी यायचं. आई होती तुसडी. एका प्रश्नाला चार उलट प्रश्न.

रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. शुक्रवारी सकाळी त्याने मला वाचून दाखवला. "मुलीच्या नकारामागे आईचा प्रभाव स्पष्ट दिसतो. भेटी तातडीने सुरू कराव्यात."

मी म्हटलं, "शाळेत जाऊन आलास का?"

"बाईंशी फोनवर बोललो ना. मार्क चांगले आहेत म्हणाल्या."

"मॅडम काय म्हणाल्या होत्या? प्रत्यक्ष जा, आणि बाईंशिवाय अजून कुणाशी तरी बोल."

चरफडतच गेला. शाळा सुटायची वेळ. मेन गेटवर पोरींचा लोंढा, त्यात तन्वी नाही. अर्धा तास थांबला. शेवटी वॉचमनकाकांना विचारलं.

"ती? ती मागनं जाते, लॅबच्या दारानं. मीच उघडून देतो."

"का?"

वॉचमनने हनुवटीने समोर दाखवलं. रस्त्यापलीकडे करड्या रंगाची गाडी. काचा वर.

"रोज असते. आधी पोरीची रिक्षा इथनं निघाली की मागोमाग जायची. दिवाळीच्या आधीपासून बघतोय."

संदेश रस्ता ओलांडायला निघाला, अर्ध्यापर्यंत गेला. आत तो सभ्य माणूस बसला होता. संदेशला बघून त्याने गाडी सुरू केली आणि निघून गेला. काच काही खाली केली नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेनिंग बुडवून संदेशने तन्वीला सेंटरवर बोलावलं आणि गाडीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि मग रडायलाच लागली. आईला तिने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आई रस्त्यात जाऊन भांडली असती, आणि मग पप्पांनी आईला... संदेशने ते वाक्य तिच्यासाठी पुरं केलं नाही.

आई मुलीला शिकवत होती म्हणता? आईला पत्ताच नव्हता!

आईला सगळं सांगितलं, तिने वकिलामार्फत पोलिसांत तक्रार दिली. संदेशने रविवारभर बसून नवा रिपोर्ट लिहिला, भेटी सुरू करू नयेत म्हणून. सोमवारी दिला. आणि पाचव्या शनिवारी हॉलमध्ये उभं राहून जुन्या रिपोर्टमधलं ते वाक्य सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "आईचा प्रभाव स्पष्ट दिसतो."

मॅडमनी विचारलं, "कुठून दिसत होता?"

संदेश म्हणाला, "माझ्या खुर्चीवरून."

* * *

शेवटचा शनिवार प्रॅक्टिकलचा होता. आमच्याच सेंटरवर, खरी केस, मी घ्यायची आणि मॅडम कोपऱ्यात बसून बघणार.

मुलगा वेदांत, दहा वर्षांचा. अकरा महिने वडिलांना भेटला नव्हता. आधी एकदा भेट ठरवली तेव्हा आमच्या जिन्यातच त्याला उलटी झाली होती आणि आई त्याला तसाच घरी घेऊन गेली होती. वडील महापालिकेच्या पाणीखात्यात, गल्लोगल्ली जाऊन व्हॉल्व्ह फिरवणारे. दणकट हात. एकदा नवराबायकोच्या भांडणात त्यांनी प्रेशर कुकर भिंतीवर फेकला होता. वेदांत दोन फुटांवर उभा होता. लागलं नाही. पण त्यानंतर तो त्यांच्या खोलीत गेला नाही आणि मग आईने घरच सोडलं. हे वडिलांनी पहिल्याच मुलाखतीत स्वतः सांगितलं होतं. हात उचलल्याचं मात्र दोघांपैकी कुणीच कधी म्हटलं नाही. वेदांतला वेगळं विचारलं होतं, त्याचंही तेच. तो म्हणाला होता, "मी खोलीत येईन. बोलणार नाही."

वडिलांना मी आधी बजावून ठेवलं होतं. खेळणी आणायची नाहीत. "का येत नाहीस" विचारायचं नाही. आणि माफी मागायची असेल तर त्यात "पण" नको.

"म्हणजे?" ते म्हणाले.

"'चूक झाली, पण तुझी आई पण...' असं नाही. 'चूक झाली' आणि गप्प."

"जमेल काय माहीत नाय, मॅडम," ते म्हणाले. खरं बोलले.

आई बाहेर पॅसेजमध्ये बसली. वेदांत आत आला, वडिलांना बघितलं आणि सरळ खेळण्यांच्या टेबलाखाली जाऊन बसला. दोन्ही हात कानांवर.

मी मॅडमकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

वडील उभे. त्यांनी मला विचारलं, "मी खाली बसू?" आणि फरशीवर बसले. टेबलापासून लांब, तोंड खिडकीकडे. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाहेर पॅसेजमध्ये आईच्या चपलांचा आवाज येत होता, ती येरझारा घालत होती. पंधरा. मला वाटलं, पुन्हा उलटी होणार. कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली मी पायाने जवळ ओढून ठेवली. वीस मिनिटं.

मग वडील खिडकीकडेच बघत बोलायला लागले.

"वेदू, त्या दिवशी मी कुकर फेकला. तू तिथेच होतास. घाबरलास. चूक माझी होती."

आणि थांबले.

आता येणार, "पण". तुझ्या आईने पण. मी पण माणूस आहे. माझं पण ऐकून घे. त्यांचे ओठ हलले, मी बघितलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

आलाच नाही. "पण" आलाच नाही!

मी टेबलाखाली बघितलं. वेदांतचा डावा हात कानावरच होता. उजवा कधी खाली आला, मला कळलं नाही.

तास संपल्यावर मी "वेळ झाली" म्हटलं. वडील गुडघ्यावर हात टेकून उठले, टेबलाकडे न बघता "येतो रे" म्हणाले आणि मागच्या दाराने निघून गेले.

वेदांत बाहेर आला. बूट घातले. लेस बांधली, सोडली, परत बांधली. मी काहीच विचारलं नाही, म्हणजे गप्प बसायचा प्रयत्न करत होते. दारापाशी जाऊन तो वळला. चेहरा तसाच, कठीण.

"पुढच्या शनिवारी पण मला त्यांना भेटायचं नाहीये," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं.

त्याने दाराची कडी काढली.

"किती वाजता?"